शाळा, घर आणि रात्रीचे साडेअकरा: वेळ कुठे गळतोय?

खडूची_डबी (सांगली जिल्हा)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट 38. मुख्याध्यापकपदाचा चार्ज आणि तिसरी-चौथी सरांकडे. पहिली-दुसरी, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती माझ्याकडे. शाळा वस्तीवर, घरापासून 22 किलोमीटर, स्कूटीने जाते. घरी नवरा, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. नवऱ्याचं खताचं दुकान आहे. ते सकाळी 9 ला जातात आणि रात्री साडेआठला येतात. सासूबाईंना मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन द्यावं लागतं.

पाचला उठते. सहाला नळ येतो, तोवर चपात्या आणि भाजी उरकते. साडेसातला सासूबाईंचं इन्सुलिन, आठला त्यांचा नाष्टा. डबे भरून, मुलीची वेणी घालून 9.20 ला बाहेर पडते. शाळेत पोचल्यावर परिपाठ, हजेरी, मग तांदूळ मोजून देणं. एका मुलामागे 100 ग्रॅम, म्हणजे 35 मुलं आली तर साडेतीन किलो. तो आकडा ॲपवर भरायचा. मग वर्ग.

खरी अडचण इथून पुढे आहे. गेल्या मंगळवारी दुसरीला हातच्याची बेरीज घेत होते. 27 अधिक 15. सात आणि पाच बारा, बारातले दोन खाली लिहिले आणि हातचा एक दशकाच्या डोक्यावर लिहिणार, तेवढ्यात फोन वाजला. वरच्या ऑफिसचा मेसेज, 'आज 1 वाजेपर्यंत माहिती द्यावी.' कोणत्या मुलांचं आधारवरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव वेगळं आहे, त्याची यादी हवी होती. कपाट उघडलं, जनरल रजिस्टर काढलं, आधारच्या झेरॉक्स शोधल्या. चाळीस मिनिटं गेली. वर्गात परत आले तर सगळ्या वह्यांत उत्तर होतं 32. एकाच्याही वहीत 42 नव्हतं. मुलांची चूक नव्हती, हातचा मीच फळ्यावर लिहिला नव्हता.

संध्याकाळी सव्वासहाला घरी. चहा, स्वयंपाक, पुन्हा इन्सुलिन, मुलीचा अभ्यास, जेवणं, भांडी. सव्वादहाला मूल्यमापनाच्या नोंदी आणि दुसऱ्या दिवशीच्या पाठांचं टाचण घेऊन बसते. आडवी होते तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले असतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री इन्सुलिन द्यायला बाटली हातात घेतली तर तळाशी थेंबभर उरलं होतं. गावातली दुकानं बंद. नवरा गाडी काढून शेजारच्या मोठ्या गावी दवाखान्याजवळच्या दुकानात गेला आणि तासाभराने बाटली घेऊन आला. सासूबाईंना काही झालं नाही. पण तो तासभर मी त्यांच्या पायाशी बसून होते आणि माझे हात थरथरत होते. बाटली संपत आलीय हे मला शुक्रवारपासून माहीत होतं. दर वेळी मनात यायचं, उद्या सांगते.

मोबाइलवर यादीचं ॲप घेतलं होतं, पण ते उघडायचंच लक्षात राहत नाही. पहाटे 4 लाही उठून पाहिलं. आठव्या दिवशी स्कूटीवर डोळा लागायला लागला, ते बंद केलं. नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नका. मला शिकवायला मनापासून आवडतं. यातलं काय कमी करू, काय कोणाकडे देऊ, एवढंच सांगा.

भूपाळी

ताई, 4 ची सवय सोडू नका. आठ दिवसांत अंगवळणी पडत नाही, महिना द्यावा लागतो. मी बारा वर्षं 4 ला उठतोय. घर झोपलेलं असतं, फोन वाजत नाही. त्या दोन तासांत जेवढं होतं तेवढं दिवसभरात होत नाही. फक्त रात्री साडेनऊला झोपावं लागेल.

लोकलची_खिडकी (बदलापूर)

भूपाळी, त्यांचं जेवणच 9 ला होतं, त्या साडेनऊला कशा झोपणार? मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. ताई साडेअकरा ते पाच म्हणजे साडेपाच तासच झोपतात. त्यातला आणखी एक तास काढायचा आणि मग 22 किलोमीटर स्कूटी चालवायची? ताई, चार वाजता उठणं बंद केलंत ते योग्य केलंत. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता काउंटरवर आहे.

सेवानिवृत्त_गुरुजी (सातारा)

बाई, मी 34 वर्षं शाळेत काढली, त्यातली 11 द्विशिक्षकी शाळेत. तुमचं ते 32 वाचून पुढचं वाचवेना. माझ्या वर्गातही असे हातचे राहून गेलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक वही करा. दोनशे पानी, आडवी, जाड पुठ्ठ्याची. एका मुलाला एक ओळ. रकाने असे: जनरल रजिस्टर क्रमांक, रजिस्टरवरचं नाव, आधारवरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, आधार क्रमांक, बँक खातं, उंची, वजन, पालकांचा मोबाइल. त्यापुढे चार रकाने कोरे सोडा, नवीन काही मागितलं की तिथे भरायचं. वरून मागणी दर वेळी वेगळी येते, पोरं मात्र तीच 38 असतात. युडायसमधली शाळेची सरकारी माहिती असो, मुलाचा अपार आयडी म्हणजे कायमचा ओळख क्रमांक असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, ऐंशी टक्के माहिती याच रकान्यांतून निघते. तुमची चाळीस मिनिटं माहिती पाठवण्यात गेली नाहीत, ती कपाटात शोधण्यात गेली. हेच संगणकावर एक्सेलमध्येही ठेवा, पण वही आधी. वस्तीवर रेंज असेलच असं नाही. आणि वही कुलपात ठेवायची. तिच्या पानाचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकायचा नाही, त्यात लेकरांचे आधार क्रमांक आहेत.

दुसरं फोनचं. सरांशी बसून ठरवा. परिपाठ झाला की दोघांचे फोन आवाज चालू ठेवून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. मधल्या सुट्टीत एकदा मेसेज बघायचे, चारला एकदा. खरंच तातडीचं असेल तर माणूस मेसेज टाकून थांबत नाही, फोन करतो. मी हे आसपासच्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांपासून लपवून केलं नाही, केंद्राच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, 'साहेब, साडेअकराला मी शिकवत असतो. एक वाजता माहिती देतो, चालेल ना?' चाललं. दोन-तीनदा बोलणीही खाल्ली, पण चाललं. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 27 वाचून ठेवा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला अशैक्षणिक काम लावू नये असं त्यात आहे. ते कोणाच्या तोंडावर फेकायचं नाही. पण आपण वर्गात असणं हा हट्ट नाही, कायद्यालाही तेच अपेक्षित आहे, एवढं आपल्या मनाशी पक्कं असलं की बोलताना आवाज कापत नाही.

तिसरं, नोंदी रात्री लिहू नका. पहिली-दुसरी मिळून तुमच्याकडे वीस-एक मुलं असतील. रोज चार मुलं घ्या आणि वर्गातच, मुलं गणितं सोडवत असताना त्या चौघांजवळ बसून नोंद करा. आठवड्यात सगळी होतात. नोंद डोळ्यांनी पाहिलेली लिहायची: 'हातचा घ्यायला विसरतो, मणी दिले की जमतं.' रात्री दमून लिहिलं की सगळ्यांच्या पुढे 'चांगली प्रगती' येतं. त्याचा त्या पोराला काही उपयोग नाही, तुम्हालाही नाही.

पोषण आहाराची साठा नोंदवही दुपारी मुलं जेवायला बसली की तिथेच भरायची, पाच मिनिटं लागतात. महिनाअखेरीला मेळ घालायला बसलात तर अख्खा रविवार जातो. आणि एक डबा असा शोधा की ज्यात काठोकाठ बरोबर एक किलो तांदूळ बसेल. स्वयंपाकाच्या ताई त्याच मापाने काढतील, तुम्ही बघून सही करा.

लोकलची_खिडकी (बदलापूर)

आता बसले. गुरुजींनी शाळेचं सांगितलं, मी घराचं सांगते.

मी बँकेत आहे, फोर्टला. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, गाडीत दीड तास. लेडीज डब्यात बायका मेथी निवडतात, मटार सोलतात, मीही आठ वर्षं ते केलं. आता करत नाही. त्या दीड तासात मी डोळे मिटते किंवा वाचते. सांगायचं कारण, रिकामा दिसला वेळ की त्यात काम कोंबायचं, हे मी कितीतरी वर्षं वेळेचं नियोजन समजत होते. तसं केलं की संध्याकाळी घरात शिरताना माणूस आधीच संपलेला असतो.

तुमची इन्सुलिनची गोष्ट वाचून पोटात गोळा आला. यावर आमच्याकडे एक नियम आहे: वस्तू संपल्यावर आणायची नाही, उघडल्यावर आणायची. घरात कायम एक न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये हवी. ती ज्या दिवशी उघडली त्याच दिवशी पुढची आणायची, मग जुनी अजून अर्धी का असेना. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. इन्सुलिनची उघडलेली बाटली बहुतेक वेळा 28 दिवसच वापरायची असते, सोबतच्या कागदावर बघून घ्या. गॅसचं तेच, तेलाचं तेच. फ्रिजच्या दारावर कागद आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. जो उघडेल तो लिहील. ॲपपेक्षा हे चालतं, कारण फ्रिज दिवसातून वीस वेळा समोर येतो.

भाज्यांचंही सांगते. 'आज काय करू' हा प्रश्न रोज संध्याकाळी माझी दहा मिनिटं आणि सगळा उत्साह खायचा. आता सात ओळींचा कागद आहे. सोमवारी मटकी, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी पिठलं, असं. घरच्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, नंतर तेच कागद बघून 'उद्या पिठलं ना?' विचारायला लागले. रविवारी एकच तास: कांदा-खोबऱ्याचं वाटण, लसूण सोलून डब्यात, कडधान्य भिजत. एका तासाच्या वर नाही. रविवार ओट्यापाशी घालवला तर सोमवारी त्याची किंमत मोजावी लागते.

संत्रा_बर्फी (नागपूर)

ताई, मी पुरुष आहे म्हणून एक वेगळी बाजू सांगतो. बायको स्टाफ नर्स, तीन पाळ्यांत काम. मी वीज कंपनीत. बरीच वर्षं मी तिला 'मदत' करत होतो. ती सांगायची, मी करायचो. कांदा चिरून दे म्हटलं की चिरून द्यायचो. मला वाटे मी फार करतो. एका रात्री ती ड्युटीवरून आली आणि म्हणाली, "तुम्ही हात देता, पण डोकं माझंच वापरता." ते मला लागलं.

तेव्हापासून मुलांचा डबा पूर्ण माझा. पूर्ण म्हणजे काय करायचं ते ठरवणं, बटाटे संपलेत हे बघणं, कणीक भिजवणं, पोळ्या, संध्याकाळी डबा धुणं, सगळं. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मुलगी दोनदा डबा तसाच परत घेऊन आली. बायको मधे पडली नाही. तिला ते किती जड गेलं असेल, हे मला आता कळतं. मधे पडली असती तर काम पुन्हा तिच्याकडेच गेलं असतं.

तुमचे यजमान 9 ला निघतात. म्हणजे सकाळी साडेसातचं इन्सुलिन ते देऊ शकतात. त्यांची आई आहे. पण नुसतं टोचणं नाही. बाटली, सुया, साखर तपासल्याची वही, डॉक्टरची तारीख, सगळं त्यांच्याकडे द्या. दुकानात खताचा साठा कधी मागवायचा हे ज्यांना कळतं, त्यांना हेही कळेल.

आणि दहावीचा मुलगा. आपल्याकडे दहावी म्हटलं की पोराला पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देतात, ते मला पटत नाही. संध्याकाळी तुम्ही यायच्या आत डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावणं आणि बहिणीचं एक पान वाचून घेणं, पाऊण तासाच्या आत होतं. तेवढ्याने कोणाचे गुण जात नाहीत.

पंचवीस_मिनिटं (पुणे)

एक छोटी भर. इटलीत फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर वापरून अभ्यासाची पद्धत बसवली. 25 मिनिटं एकच काम, मग 5 मिनिटं विश्रांती. टोमॅटोला तिकडे पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही पोमोदोरो. वर्गात चालणार नाही, पण टाचणाला लावून बघा. 25 मिनिटांचा गजर झाला की वही मिटायची, उरलं तरी. मला आठवड्याभरात कळलं की जे काम मी तासभर करायचे ते दोन गजरांत बसतं.

खडूची_डबी (सांगली जिल्हा)

पाच आठवडे झाले. सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं, पण आधी करून बघू म्हटलं.

गुरुजी, वही झाली. दोन दिवस शाळा सुटल्यावर आणि एका शनिवारी दुपारी बसले, सरांनी आधार वाचून दाखवले, मी लिहिलं. 38 ओळी, 15 रकाने. सहा मुलांची नावं वेगळी निघाली. एकीच्या आईचं नाव तर आमच्याकडे रजिस्टरमध्येच चुकलं होतं, ते दुरुस्तीला घातलं. त्यानंतर तीन वेळा माहिती मागितली गेली आणि तिन्ही वेळा मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत गेली.

फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला सर आधी तयार नव्हते, चार्ज त्यांच्याकडे असल्याने बोलणी त्यांनाच बसतात. मी म्हटलं, आठ दिवस करून बघू. त्या आठ दिवसांत वर्ग चालू असताना एकदाच फोन आला, तोही एका पालकाचा, मुलीला ताप आहे सांगायला. आता सर स्वतःच परिपाठानंतर ड्रॉवर उघडून उभे राहतात.

सकाळचं इन्सुलिन नवऱ्याकडे दिलं. त्यांना सुईची भीती होती, हे लग्नाला 17 वर्षं होऊन मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी सासूबाईंनीच पोटाची कातडी चिमटीत धरून दाखवली आणि म्हणाल्या, "टोच रे, मला काय होत नाही." आता टोचून झाल्यावर ते नाष्टा होईपर्यंत तिथेच बसतात. मायलेकरं रोज अर्धा तास बोलतात. परवा सासूबाई त्यांना सांगत होत्या की रात्री पायाला मुंग्या येतात. मला कधी बोलल्या नव्हत्या. मी समोर असायचे, पण माझा एक डोळा घड्याळावर असायचा, त्यांनाही ते दिसत असणार. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय, ती त्यांनीच घेतली.

फ्रिजचा कागद छान चाललाय. फ्रिजमध्ये भरलेली बाटली आहे, खोक्यावर तारीख आहे, पुढची आणायची आठवण सासूबाई करतात.

सगळं जमलंय असं नाही. भाज्यांचा कागद गुरुवारपर्यंत टिकतो, पुढे कोलमडतो, कारण आमच्याकडे शुक्रवारच्या बाजारात जे स्वस्त मिळेल ते येतं. आता शुक्रवार-शनिवार कोरे सोडलेत. मुलाने कुकरमध्ये दोनदा पाणी कमी घातलं, भात खाली लागला. मी काही बोलले नाही, संत्रा बर्फी यांचं वाक्य आठवत गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः आजीला विचारून बोटाच्या पेराने पाणी मोजलं. टाचण दोन गजरांत संपतं, नोंदी वर्गातच होतात, साडेदहाला दिवा बंद होतो. संकलित चाचणीच्या आठवड्यात मात्र पुन्हा साडेअकरा झाले होते.

भूपाळी, तुमच्या सल्ल्यामागची काळजी कळली. मुलं मोठी झाल्यावर कदाचित जमेल.

काल दुसरीला तीच बेरीज पुन्हा दिली, 27 अधिक 15. बारातले दोन खाली लिहिले आणि मुद्दाम थांबले. मागच्या ओळीतली एक मुलगी, जी कधी बोलत नाही, उठून फळ्याजवळ आली. तिचा हात पुरेना, टाचा उंच करून तिने दोनाच्या डोक्यावर छोटासा एक लिहिला आणि माझ्याकडे न बघता जागेवर जाऊन बसली. रात्री तिच्या नोंदीत हेच लिहिणार होते, पण मधली सुट्टी व्हायच्या आत लिहून टाकलं.

गुरुजी, एक विचारायचं राहिलं. तांदळाच्या रिकाम्या बारदानाचा हिशेब तुम्ही साठा नोंदवहीतच शेवटच्या पानांवर ठेवायचा की वेगळी वही करायचा? आमच्याकडे पोती साठलीत आणि आधीच्या बाईंनी काहीच लिहिलेलं नाही.